युआनमिंगयुआन, ऑक्टोबर १८६०: लुटीपासून आगीपर्यंतचे बारा दिवस

युआनमिंगयुआन, म्हणजे बीजिंगजवळची चीनच्या छिंग सम्राटांची राजबाग. ती लुटली आणि जाळली, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. ब्रिटन-फ्रान्सने चीनशी केलेल्या दुसऱ्या अफू युद्धाच्या प्रकरणात शेवटी या घटनेला एखादी ओळ मिळते. ती वाचताना डोळ्यांसमोर येतात ते चवताळलेले सैनिक, ज्यांनी लुटता लुटता आग लावून दिली. पण घडलं ते वेगळं. लूट ६ ऑक्टोबर १८६० च्या रात्री सुरू झाली आणि आग लावली गेली १८ ऑक्टोबरला. मधल्या बारा दिवसांत लुटीचा लिलाव झाला, पैसे वाटले गेले, बीजिंगचा एक दरवाजा ताब्यात आला, जिवंत कैदी परत आले, मेलेल्यांचं दफन झालं. त्यानंतर एका सुशिक्षित, विचारी, युद्धाचा तिटकारा असलेल्या माणसाने समोरचे पर्याय एकेक करून तपासले आणि त्यांतला एक निवडला. लूट झाली ती शिस्त सुटली म्हणून. आग मात्र पूर्ण शिस्तीत लावली गेली. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच या प्रकरणातून काही हाती लागतं.

पार्श्वभूमी: काय पणाला लागलं होतं

बीजिंगच्या वायव्येला, डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या खोलगट भागात ही बाग होती. १७०७ मध्ये कांगशी सम्राटाने ती जागा आपल्या चौथ्या मुलाला दिली. तो योंगझंग सम्राट म्हणून गादीवर आला आणि १७२५ पासून त्याने बाग वाढवून तिथूनच राज्यकारभार चालवायला सुरुवात केली. त्याचा मुलगा छ्येनलोंग याने तिला पूर्ण रूप दिलं. शेजारी शेजारी असलेल्या तीन बागा मिळून साडेतीनशे हेक्टर, म्हणजे साडेआठशे एकरांहून जास्त जागा. बीजिंगमधला निषिद्ध नगरीचा राजवाडा तिच्यात चार-पाच वेळा मावेल. इंग्रजांनी तिला ‘उन्हाळी राजवाडा’ म्हटलं आणि तेच नाव जगभर रूढ झालं. प्रत्यक्षात सम्राट वर्षाचा मोठा काळ इथेच राहत, मंत्र्यांना इथेच भेटत, फर्मानं इथूनच निघत.

बहुतेक टेकड्या आणि तळी माणसांनी केलेली होती. मागच्या तळ्याभोवती नऊ बेटं रचून त्यांत सगळं साम्राज्य दाखवलं होतं. फूहाय नावाच्या मोठ्या तळ्याच्या मध्यावर तीन छोटी बेटं होती, ती पुराणातल्या अमर लोकांच्या बेटांवरून घेतलेली. दक्षिणेतल्या सुझौ, हांगझौच्या बागा आवडल्या की छ्येनलोंग त्यांची नक्कल इथे उभी करवी. ज्याँ-दनी आतिरे या दरबारी चित्रकार पाद्र्याने १७४३ मध्ये फ्रान्सला लिहिलेल्या पत्रात इथल्या एका लुटुपुटूच्या बाजाराचं वर्णन केलं आहे. सम्राटाला गावातल्या बाजारात मोकळेपणी फिरता येत नसे, म्हणून बागेतच दुकानं, रस्ते, चहाची घरं बांधली होती. राजवाड्यातले खोजे दुकानदार, हमाल, फेरीवाले व्हायचे. घासाघीस, भांडणं, खिसेकापूसुद्धा असत, आणि पकडलेल्या चोराला न्यायाधीशापुढे उभं करून शिक्षाही फर्मावली जाई.

आज युआनमिंगयुआनचा फोटो म्हणून जे दिसतं, ते कोसळलेले संगमरवरी खांब आणि युरोपीय धाटणीच्या कमानी, तो बागेचा अगदी लहानसा कोपरा होता. जुझेप्पे कास्तिग्लिओने या इटालियन चित्रकाराने त्या इमारतींचा आराखडा केला आणि मिशेल बन्वा या फ्रेंच पाद्र्याने कारंजी चालवली. त्यांतल्या एका कारंज्यापाशी चिनी पंचांगातल्या बारा प्राण्यांची ब्राँझची मुंडकी असलेलं पाणघड्याळ होतं: प्रत्येक प्राणी आपल्या दोन तासांच्या प्रहराला पाणी उडवायचा आणि भर दुपारी बाराही एकदम. हा कोपरा टिकला कारण तो दगडाचा होता. बाकी सगळं लाकडाचं होतं. म्हणून फोटोंवरून या बागेचा अंदाज बांधू नये. ते खांब म्हणजे जे जळू शकलं नाही ते.

इमारतींच्या आत काय होतं, हा भाग इथे महत्त्वाचा. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रं, सुलेखन, जेड, चिनी मातीची भांडी, मीनाकाम, युरोपीय घड्याळं. १७९३ मध्ये मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाने ब्रिटिश राजाच्या वतीने दिलेल्या भेटी. आणि वेनयुआन ग्रंथालय. छ्येनलोंगने चिनी वाङ्मयाचा जो प्रचंड संग्रह संकलित करवला, त्याच्या सात संपूर्ण प्रती हाताने लिहून घेतल्या होत्या. प्रत्येक प्रत सुमारे ३६ हजार खंडांची. त्यांतली एक इथे होती.

युद्ध इथवर कसं आलं

हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मराठीतही बरंच लिहिलं गेलं आहे. १८५६ पासून ब्रिटन आणि फ्रान्स चीनशी पुन्हा लढत होते. १८५८ मध्ये तियानजिनचा तह आणि त्याला जोडून जकातीचा करार झाला. परदेशी वकील, म्हणजे राजदूत, बीजिंगमध्ये राहणार, नवी बंदरं उघडणार, अफूची आयात कायदेशीर होणार, असं ठरलं. छिंग दरबाराला वकिलांची अट गिळवेना. १८५९ मध्ये तहाला मान्यता देण्याघेण्यासाठी निघालेल्या ब्रिटिश नौदलाने दागूच्या किल्ल्यांसमोर सपाटून मार खाल्ला. १८६० ची मोहीम ती भरपाई करण्यासाठी आली. ब्रिटिश बाजूला भारतीय पलटणींसह ११ हजारांच्या आसपास माणसं होती, फ्रेंच बाजूला सुमारे ७ हजार. ब्रिटिशांचा लॉर्ड एल्गिन आणि फ्रेंचांचा बॅरन ग्रो हे राजकीय प्रमुख. ब्रिटिश जनरल होप ग्रँट आणि फ्रेंच जनरल मोंतोबाँ हे सेनापती.

आपला संबंध इथे दुहेरी आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती चीनच्या व्यापारावर उभी होती आणि त्यात अफूचा वाटा मोठा होता. आणि जी फौज बीजिंगवर चालून गेली, तिच्यात प्रोबिनचे आणि फेनचे घोडदळ, पंजाबी आणि शीख पलटणी होत्या. १८५७ च्या उठावानंतर लगेचचा हा काळ. ग्रँट स्वतः दिल्ली-लखनौच्या लढाया करून आला होता. लखनौचा कैसरबाग मार्च १८५८ मध्ये कसा लुटला गेला, हे त्या फौजेतल्या कितीतरी अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

छिंग साम्राज्याची स्थितीही लक्षात ठेवायला हवी. दक्षिणेत ताइपिंग बंड दहा वर्षं धुमसत होतं. ऑगस्ट १८६० मध्ये गंमत अशी की, उत्तरेत ब्रिटिश तोफा छिंग किल्ले फोडत होत्या आणि शांघायमध्ये तेच ब्रिटिश ताइपिंग सैन्याला मागे रेटून छिंग राजवटीचं शहर वाचवत होते. राजवट वाकवायची होती, मोडायची नव्हती. एल्गिनच्या पुढच्या सगळ्या हिशेबामागे हे आहे.

पहिला निर्णय: पांढरं निशाण

२१ ऑगस्टला दागूचे किल्ले पडले. सैन्य तियानजिनहून बीजिंगकडे सरकलं. १७ सप्टेंबरला एल्गिनचा दुभाषी हॅरी पार्क्स आणि चिटणीस हेन्री लॉक वाटाघाटींसाठी बीजिंगजवळच्या तोंगचौला गेले. त्यांच्याबरोबर ‘टाइम्स’चा वार्ताहर बोल्बी, वकिलातीतला द नॉर्मन आणि लेफ्टनंट अँडरसनच्या हाताखाली फेनच्या घोडदळाचे शीख स्वार होते. बोलणी जवळजवळ जुळली होती. अडलं ते राणीचं पत्र सम्राटाच्या हाती समक्ष द्यायच्या मुद्द्यावर. सम्राटापुढे साष्टांग न घालता उभा राहणारा परदेशी वकील, ही कल्पनाच दरबाराला असह्य होती.

दुसऱ्या दिवशी परतताना पार्क्सच्या लक्षात आलं, की आपल्या छावणीसाठी नेमून दिलेल्या जागेवरच छिंग सेनापती सेंगे रिंछेनचं सैन्य दबा धरून बसलं आहे. तो जाब विचारायला मागे फिरला, तेवढ्यात लढाई पेटली. पांढरं निशाण घेऊन आलेल्या या सगळ्यांना पकडण्यात आलं. फ्रेंच बाजूचेही काही जण सापडले. एकूण तिसांहून अधिक माणसं.

दरबाराच्या बाजूने यामागे विचार होता. सगळ्या कुरापतींचं मूळ पार्क्स आहे, त्याला धरलं की परकी फौज लुळी पडेल, अशी त्यांची समजूत होती. समजूत साफ चुकली. २१ सप्टेंबरला बालिच्याओच्या पुलापाशी छिंग घोडदळाचा धुव्वा उडाला. २२ ला शियानफंग सम्राट लवाजम्यासह चीनच्या मोठ्या भिंतीपलीकडे रेहेला निघून गेला. मागे राहिला त्याचा सावत्र भाऊ, सत्तावीस वर्षांचा राजपुत्र गोंग. त्याच्या हाती अधिकार होते, सैन्य जवळजवळ नव्हतं, आणि कैदी होते. ते त्याने लगेच सोडले असते तर पुढचं बरंच काही टळलं असतं. त्याने ते सौद्यासाठी धरून ठेवले.

लूट

६ ऑक्टोबरला दोन्ही सैन्यं बीजिंगच्या उत्तरेकडून निघाली आणि एकमेकांपासून चुकली. अंधार पडताना फ्रेंच बागेच्या दरवाजाशी पोचले. दारावर मूठभर खोजे आणि पहारेकरी होते. त्यांनी प्रतिकार केला, काही मेले. बागेची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या वेनफंग या अधिकाऱ्याने फूहाय तळ्यात जीव दिला.

मोंतोबाँने पहारे बसवले. ७ तारखेला एल्गिन आणि ग्रँट पोचेपर्यंत ते पहारे नावापुरते उरले होते. अधिकारी आत जाऊन ‘सम्राज्ञीसाठी’, ‘राणीसाठी’ म्हणून वस्तू निवडत होते. बाहेर उभ्या शिपायाला ते दिसत होतं. एकदा बांध फुटल्यावर कुणी थांबवू शकलं नाही. फ्रेंच छावणीत त्या रात्री रेशमाच्या गाद्या अंथरल्या गेल्या, शिपाई राण्यांचे झगे घालून फिरले, आणि सम्राटाच्या संगीतपेट्या अन् चावीची खेळणी जिथेतिथे वाजत राहिली. गाड्या नव्हत्या, म्हणून जे नेता येईना ते फोडलं: आरसे, झुंबरं, मोठी भांडी. ब्रिटिश सैन्यातल्या वोल्झलीने लिहून ठेवलं आहे, की माणसांना तात्पुरतं वेड लागल्यासारखं झालं होतं. आसपासच्या गावांतले लोकही आत शिरले.

एल्गिनने त्या दिवशी रोजनिशीत जे लिहिलं ते विसरता येत नाही. लुटणं वाईट आहेच, पण त्याहून वाईट आहे ती नासधूस. दहा लाख पौंडांच्या मालातून पन्नास हजारही हाती लागणार नाहीत. युद्ध ही घृणास्पद गोष्ट आहे, जितकी पाहावी तितकी तिची शिसारी येते. हाच माणूस १८५७ च्या डिसेंबरात कँटनवर तोफा डागण्याआधी आपली आपल्यालाच लाज वाटते असं लिहून गेला होता. त्याचा बाप म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं लंडनला आणणारा लॉर्ड एल्गिन. वारसा हा विषय त्या घराला परका नव्हता.

ग्रँटपुढे प्रश्न वेगळा होता. फ्रेंचांचे खिसे भरलेले, आणि त्याचे शिपाई शिस्त पाळून छावणीत रिकाम्या हातांनी बसलेले. त्याने ब्रिटिश सैन्याची मुरलेली पद्धत काढली: अधिकाऱ्यांनी आणलेला माल जमा करायचा, लिलाव करायचा, पैसा वाटायचा. ही पद्धत आपल्याकडे चांगलीच परिचित होती. १८१७-१८ च्या मराठा युद्धातल्या लुटीवरून, पेशव्यांच्या खजिन्यासकट, दोन ब्रिटिश फौजांमध्ये जो वाटणीचा वाद झाला तो वर्षानुवर्षं लंडनमध्ये चालला. बीजिंगबाहेर मात्र काम चटकन उरकलं. एका देवळात लिलाव झाला, दोन तृतीयांश रक्कम शिपायांना, एक तृतीयांश अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाच्या वाट्याला सुमारे ४ पौंड आले. ग्रँटने आपला वाटा घेतला नाही, आणि हा मोठेपणा म्हणून सांगितला जातो.

मला ग्रँटचा हा निर्णय या प्रकरणातला फार न चर्चिलेला पण निर्णायक टप्पा वाटतो. लिलावाने लुटीला पावती मिळाली. ७ तारखेपर्यंत जे घडलं ते अधिकाऱ्यांच्या मते लाजिरवाणं होतं. लिलावानंतर तो सैन्याचा हक्काचा मोबदला झाला. आणि बाग ‘रिकामी झालेली’ आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं. दहा दिवसांनी हेच गृहीतक कामाला आलं: आधीच लुटलेल्या जागेत आता जाळण्यासारखं उरलंय तरी काय?

कैदी परत येतात

८ ऑक्टोबरला पार्क्स, लॉक आणि काही जण सुटून आले. १३ तारखेला बीजिंगचा आनदिंग दरवाजा सैन्याच्या ताब्यात देण्यात आला. त्या बदल्यात शहराला धक्का लावायचा नाही, असं ठरलं. त्यानंतर उरलेले येत गेले: काही जिवंत, बाकीचे पेट्यांमधून. प्रेतांवर चुना घातला होता. बहुतेकांची ओळख कपड्यांवरून पटवावी लागली.

वाचलेल्या शीख स्वारांच्या जबान्या नोंदवून घेण्यात आल्या. त्यांतला तपशील असा. कैद्यांना पकडल्यावर युआनमिंगयुआनमध्येच आणलं गेलं. हात-पाय पाठीमागे एकत्र बांधून उघड्या अंगणात टाकलं. दोऱ्या आवळाव्यात म्हणून त्यांवर पाणी ओतलं. अँडरसनचे हात सुजले, नखं फुटली, जखमांत किडे पडले. त्याला भ्रम झाला आणि नवव्या दिवशी तो मेला. शेवटपर्यंत त्याच्या शेजारी बांधलेले स्वार त्याच्या दोऱ्या कुरतडून सोडवायचा प्रयत्न करत होते आणि त्यासाठी मार खात होते. बोल्बी मेला, द नॉर्मन मेला. पकडलेल्यांपैकी जवळपास निम्मे परतले नाहीत, आणि त्यांत कित्येक पंजाबातल्या खेड्यांतले स्वार होते. १७ तारखेला रशियन दफनभूमीत अंत्यविधी झाले.

हा छळ खरा होता आणि भयंकर होता. एल्गिनच्या निर्णयावर टीका करताना तो बाजूला सारणं म्हणजे त्या स्वारांच्या जबान्या फेकून देण्यासारखं आहे. काहीच न करता पुढे जाणं त्या क्षणी कुणालाही शक्य नव्हतं. प्रश्न होता: काय करायचं?

पर्याय

एल्गिनने आपली बाजू नंतर लंडनला खलित्यात कळवली, त्यामुळे त्याचा हिशेब आपल्याला माहीत आहे.

जास्त खंडणी मागावी का? खजिना रिता आहे, जकातीचा भाग आधीच तहापोटी गहाण पडला आहे. वाढीव रक्कम शेवटी प्रजेकडून वसूल होईल. मृतांच्या कुटुंबांसाठी ३ लाख ताएल (ताएल हे चिनी वजन) चांदी मागायची, त्यापलीकडे नको.

गुन्हेगार हवाली करायला सांगावं का? सेंगे रिंछेन कुणी देणार नाही. दोन-चार हलके कारकून पुढे ढकलतील, आणि त्यांची मुंडकी उडवून काय साधणार?

निषिद्ध नगरीतला राजवाडा जाळावा का? शहर अभयाच्या अटीवर उघडलं आहे, वचनभंग होईल. शिवाय गोंग घाबरून पळाला तर सही करायला कुणी उरणार नाही आणि राजवट कोसळेल. पश्चात्तापाचं स्मारक उभारायला लावण्याचा विचारही झाला आणि मागे पडला.

उरली बाग. सम्राटाची लाडकी जागा, शहराबाहेर, कैद्यांचा छळ जिथे झाला तीच. इथे प्रहार केला तर तो फक्त सम्राटाला लागेल, प्रजेला नाही. शिवाय घाई होती: थंडी तोंडावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सैन्य तियानजिनकडे वळवायचं ग्रँटने ठरवलेलं. इंग्लंडमध्ये वार्ताहराच्या मृत्यूने लोकमत खवळणार, हेही उघड होतं.

ग्रो आणि मोंतोबाँ यांनी साफ नकार दिला. आपण यात भाग घेणार नाही, असं फ्रेंचांनी कळवलं.

एल्गिनचा युक्तिवाद वाचताना त्यातला समंजसपणा जाणवतो, आणि तीच त्याची अडचण आहे. प्रत्येक पर्याय त्याने एकाच कसोटीवर घासला: दुखापत कुणाला होईल आणि किती लवकर. प्रजेवर बोजा नको, शहरवासीयांना त्रास नको, राजवट टिकावी. जी वस्तू नष्ट होणार तिचं वजन मात्र तराजूत कुठेच पडलं नाही. वेनयुआन ग्रंथालयातले हजारो खंड त्याच्या हिशेबात नाहीत. दीडशे वर्षं ज्यांनी त्या टेकड्या रचल्या, तळी खणली, छतं रंगवली, ते कारागीर नाहीत. बाग सम्राटाची खाजगी मालमत्ता आहे, एवढंच त्याने धरलं. तिथेच त्याचा अंदाज सपशेल चुकला. सम्राट वर्षभरात मेला, राजवंश पन्नास वर्षांत संपला, आणि तो घाव मात्र त्यानंतर सगळ्या चिनी लोकांनी आपला मानला.

आग

१८ ऑक्टोबरच्या सकाळी जनरल जॉन मिशेलची डिव्हिजन आणि घोडदळ, मिळून साडेतीन-चार हजार माणसं, बागेकडे निघाली. का जाळतो आहोत हे सांगणारी चिनी भाषेतली जाहीर पत्रकं शहरात लावली होती. तुकड्यांना भाग वाटून दिले होते. दोन दिवस हे काम चाललं. तीन बागांबरोबर वानशौ टेकडीवरचा आणि पश्चिमेच्या डोंगरांवरचे राजवाडेही पेटवले. वारा वायव्येचा होता. धुराचा पडदा बीजिंगवर सरकला आणि रस्त्यांवर राख पडत राहिली.

चार्ल्स गॉर्डन तेव्हा इंजिनिअर दलात कॅप्टन होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रात कबूल केलं, की ज्या जागा आम्ही जाळल्या त्यांचं सौंदर्य तुम्हाला कल्पनेतही यायचं नाही, जाळताना जीव कळवळला. त्याच पत्रात तो म्हणतो, जागा इतक्या मोठ्या आणि वेळ इतका थोडा, की नीट लुटताही आलं नाही. सोन्याचे दागिने पितळ समजून आगीत गेले. म्हणजे ‘रिकामी’ बाग रिकामी नव्हती.

वानशौ टेकडीवरचा ब्राँझचा मंडप उभा राहिला, कारण तो पेटण्याजोगा नव्हता.

परिणाम

तात्कालिक उद्दिष्ट साधलं. गोंगने अटी मान्य केल्या, ३ लाख ताएल दिले गेले, २४ ऑक्टोबरला एल्गिन पालखीत बसून शहरात आला आणि बीजिंगच्या तहावर सह्या झाल्या. खंडणी ८० लाख ताएल, कौलून द्वीपकल्प ब्रिटनला, तियानजिन खुलं, चिनी मजुरांना परदेशी नेण्याची मोकळीक. नोव्हेंबरात सैन्य निघून गेलं. शियानफंग ऑगस्ट १८६१ मध्ये रेहेलाच वारला. पाठोपाठ झालेल्या उलथापालथीत गोंग आणि राणी त्सशी यांच्या हाती सत्ता आली. एल्गिन १८६२ मध्ये व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी धरमशाळेत मरण पावला.

बागेचं मरण मात्र लांबत गेलं. १८७३ मध्ये तोंगझी सम्राटाने दुरुस्ती काढली, पैशाअभावी वर्षभरात थांबवावी लागली. १९०० च्या, परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या धामधुमीत उरलेल्या इमारती आणि झाडं स्थानिकांनीच तोडून विकली. प्रजासत्ताकाच्या काळात सरदारांनी दगड गाड्यांनी नेले. भातशेती झाली, वस्ती झाली. १९८८ मध्ये ते सार्वजनिक उद्यान म्हणून खुलं झालं. या नंतरच्या नासाडीचा भार एल्गिनवर टाकता येणार नाही, पण पहारा आणि छप्पर गेल्यावर जागेचं काय होतं ते यातून दिसतं.

वस्तू पांगल्या. सम्राज्ञी युजेनीने फाँतेनब्लो राजवाड्यात १८६३ मध्ये आपलं चिनी दालन उघडलं. २०१५ मध्ये तिथेच चोरी झाली. एक पेकिंगी कुत्री व्हिक्टोरिया राणीला नजर झाली आणि तिचं नाव ठेवलं गेलं ‘लूटी’, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या आपल्याच शब्दावरून. बागेच्या चाळीस दृश्यांचा १७४४ चा चित्रसंग्रह, ज्याच्याशिवाय मूळ इमारती कशा दिसत होत्या हे सांगणं अवघड आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

पाणघड्याळाच्या मुंडक्यांची कहाणी बाजाराने पुढे नेली. २००० मध्ये हाँगकाँगच्या लिलावात बैल, माकड आणि वाघ यांची मुंडकी चीनच्या सरकारी पॉली समूहाने विकत घेतली. डुक्कर आणि घोडा मकावचे उद्योगपती स्टॅन्ली हो यांनी घेऊन देशाला दिले. घोड्याला २००७ मध्ये ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलर मोजले. २००९ मध्ये पॅरिसला उंदीर आणि ससा लिलावात निघाले, तेव्हा साय मिंगचाओ या चिनी संग्राहकाने बोली जिंकली आणि पैसे द्यायला नकार दिला. २०१३ मध्ये फ्रान्सच्या पिनो कुटुंबाने ती दोन्ही चीनला भेट दिली. पाच अजून परतलेली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

छिंग बाजूने: पांढऱ्या निशाणाखालच्या माणसांना हात न लावणं, हे तर आहेच. पण दुसरीही एक चूक कमी बोलली जाते. बालिच्याओची लढाई आणि फ्रेंच दरवाजाशी येणं यांत पंधरा दिवस होते. सम्राटाने स्वतःला हलवलं; ग्रंथ आणि चित्रं हलवण्याचा हुकूम निघाला नाही. सगळं वाचलं नसतं, काही नक्की वाचलं असतं.

सेनापतींच्या बाजूने: लखनौ पाहिलेल्या ग्रँटला मोकळा राजवाडा आणि मोकळं सैन्य एकत्र आले की काय होतं, हे ठाऊक होतं. निदान ७ तारखेला, तो पोचल्यावर, दोन्ही सैन्यांतल्या निवडक तुकड्यांनी दरवाजे बंद करून अधिकाऱ्यांसकट सगळ्यांना बाहेर ठेवणं शक्य होतं. काळच तसा होता, हा बचाव मला पटत नाही. नेपोलियनने युरोपभरातून पॅरिसला नेलेल्या कलाकृती १८१५ मध्ये परत करायला लावणाऱ्यांत ब्रिटन पुढे होता. वेलिंग्टनने तेव्हा लिहिलं होतं, की हा फ्रेंचांना नीतीचा धडा आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकवलेला धडा ब्रिटिश सेनेला माहीत होता. तो युरोपपुरता मानला गेला, एवढंच.

एल्गिनच्या बाजूने: त्याच्या यादीत नसलेला पर्याय त्याच्या शेजारच्याच तंबूत होता. लुटीत फ्रेंच मुळीच मागे नव्हते, पण जाळायच्या वेळी त्यांनी अंग काढून घेतलं. त्यांचीही माणसं छळाने मेली होती. ग्रोने मृतांसाठी भरपाई मागितली, ती मिळाली. आगीचा धाक फ्रेंचांनाही उपयोगी पडला असं म्हणता येईल. पण बीजिंगचा दरवाजा १३ तारखेलाच उघडला होता, तोफा तटावर चढल्या होत्या, सम्राट पळालेला होता, आणि गोंगकडे सही करण्याशिवाय काही उरलं नव्हतं. रशियाचा वकील इग्नात्येव याने तर एकही गोळी न झाडता, दोन्ही बाजूंना सल्ला देत देत, १४ नोव्हेंबरच्या तहात उसुरी नदीपलीकडचा सगळा किनारा मिळवला. एल्गिनची सही झाल्यावर दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, त्याच शहरात त्याच गोंगने ग्रोबरोबर तह केला. फ्रान्सची खंडणी तेवढीच होती: ८० लाख ताएल.